गाड्याच्या मंत्रांचा भाव

"ऑपरेशन करायचं का?" सर्जनबाईंनी विचारलं.

"हो," काटेवाले म्हणाले.

सर्जनबाई पलंगाच्या कठड्यावर हात टेकून थोड्या खाली वाकल्या आणि तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "की राहू द्यायचं?"

"हो."

त्याच सुरात, तसंच डोळ्यांत बघून. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या त्यांच्या लेकीने ओठ आवळले. झटका आल्यापासून ती हा एकच शब्द ऐकत होती. पाणी हवंय? हो. नकोय? हो. पंखा बंद करू? हो. उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढत होता, पण तिला त्याचं एवढं काही वाटत नव्हतं. या 'हो'ने मात्र ती पार टेकीला आली होती. त्यामागे कुणी आहे की नाही, तेच समजत नव्हतं.

सर्जनबाईंनी तिला बाहेर बोलावलं. कॉरिडॉरमध्ये काटेवाल्यांची थोरली बहीण, म्हणजे लेकीची आत्या, बाकावर बसली होती. तीही उठून आली.

"मानेच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी आतून फार अरुंद झालीय," सर्जनबाई म्हणाल्या. "पुढचा झटका आला तर तिथूनच येईल. ती साफ करायची तर लवकर करायला हवी, नंतर फारसा उपयोग नाही. उद्या सकाळी थिएटर मोकळं आहे. पण धोका सांगायला हवा. शंभरात पाच जणांना ऑपरेशनच्या वेळी किंवा लगेच नंतर झटका येतो, काही दगावतातही. नाही केलं तर येत्या दोन वर्षांत शंभरात पंचवीस जणांना येतो."

"मग करायलाच हवं ना?" लेक म्हणाली.

"माझं मत करावं असंच आहे. पण मान माझी नाही. त्यांना सगळं कळत असेल तर निर्णय त्यांचा. नसेल कळत तर तुमची सही घेऊ. मला आज ते सांगता येत नाहीये. काही रुग्णांना सगळं समजतं, फक्त तोंडातून भलताच शब्द येतो. काहींना समजतच नाही. संध्याकाळी राउंडला येते, तोवर बघा. तुम्ही त्यांना जास्त ओळखता."

त्या गेल्या. आत्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"सुरी लावू देणार नाही मी त्याच्या मानेला," ती म्हणाली. "धडधाकट माणसं आत जातात आणि झाकून बाहेर येतात. आहे तसा घरी नेऊ. मी भरवीन त्याला."

"आणि दोन वर्षांत पुन्हा आला तर?"

"आला तर आला."

"असं कसं म्हणतेस आत्या? मी सही करणार आहे."

"कर की. तुझा बाप आहे." आत्या वळली. "पण मला एक सांग. त्याला कळतंय असं निघालं आणि तो नको म्हणाला, तर ऐकशील?"

लेक बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायची. दिवसभर ड्रायव्हर लोकांशी हुज्जत घालून तिच्या जिभेला चांगली धार आली होती. पण आत्याशी तिने हुज्जत घातली नाही.

"ऐकेन," ती म्हणाली, आणि तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला नाही.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. ते वजनकाटे दुरुस्त करायचे म्हणून सगळे तसं म्हणायचे. किराणावाले, औषधवाले, धान्याची गोदामं, सगळीकडे पितळी वजनांची पेटी घेऊन जायचे आणि कुणाचा काटा किती खोटं बोलतो ते सांगून यायचे. बायको गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा त्यांच्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट सांभाळणाऱ्या मेकॅनिकने त्यांना एका खेळाची ओढ लावली. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एक जण गोष्ट चालवतो, त्यातला प्रदेश, राजे, चोर, हवामान सगळं त्याच्या डोक्यात. बाकीचे त्या गोष्टीतली एकेक माणसं होतात आणि काय करायचं ते आपापलं सांगतात. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं. लिफ्टवाल्याने दोन-तीन वेळा गोष्ट चालवली आणि मग काटेवाल्यांनी ती जी हातात घेतली ती सोडलीच नाही. पुढे समोरच्या बेकरीची मालकीण आली, लेक आली. दर शनिवारी संध्याकाळी दुकानामागच्या कामाच्या खोलीत चौघांची बैठक असे.

गोष्टीत या मंडळींकडे एक छप्पर असलेला लाकडी गाडा होता, दोन खेचरांनी ओढायचा. बरीच वर्षं त्यात फिरून झाल्यावर त्यांच्या गाठीशी सोनं जमलं आणि गाड्यावर मंत्र घालून घ्यायची हौस आली. खेळाच्या पुस्तकात तलवारींचे आणि अंगठ्यांचे भाव असतात, गाड्याचे नसतात. ते गोष्ट चालवणाऱ्याने ठरवायचे. काटेवाल्यांनी त्यासाठी एक कजाग म्हातारी मांत्रिकीण उभी केली, तिचं अंगण उभं केलं, आणि तिच्या किरट्या आवाजात भाव सांगायला सुरुवात केली. सोन्याच्या मोहरा म्हणून ते आपल्या जुन्या पेटीतली लहान-मोठी पितळी वजनंच वापरायचे.

झटका आला त्या शनिवारी हेच चाललं होतं. चाकं वाजू नयेत याचे साठ. गाडा पाण्यावर तरंगावा याचे तीनशे. आतून मोठा व्हावा, आत चार खोल्या मावाव्यात याचे नऊशे, आणि वरून म्हातारीच्या मांजराला आयुष्यभर त्यातली एक खोली. मग लिफ्टवाला म्हणाला की गाड्यात कितीही माल भरला तरी खेचरांना तो रिकामाच वाटला पाहिजे, त्याचे किती?

"वजन," काटेवाले म्हातारीच्या आवाजात म्हणाले. "वजन... हो." मग पुन्हा, "हो. हो."

लिफ्टवाल्याने खुशीत टाळी वाजवली. म्हातारी एकेका मोहरेसाठी घासाघीस करणारी, आज फुकटात हो म्हणाली. लेकही हसली. बेकरीवाली तेवढी काटेवाल्यांच्या तोंडाकडे बघत होती. "अहो, थांबा," ती म्हणाली. "त्यांचा ओठ बघा. हे नाटक नाहीये." तोवर काटेवाल्यांच्या उजव्या हातातलं वजन टेबलावरून घरंगळत खाली गेलं होतं.

आपण टाळी वाजवली, हे लिफ्टवाल्याच्या मनातून जात नव्हतं. तो रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत यायचा आणि परत जायचा. आज दुपारी भेटायची वेळ झाली तेव्हा बेकरीवालीने त्याला दंडाला धरूनच आत आणलं.

लेकीने दोघांना सकाळचं सगळं सांगितलं. सर्जनबाईंचा प्रश्न, संध्याकाळची मुदत, आत्याचं म्हणणं. लिफ्टवाल्याने ऐकलं आणि पिशवीतून वजनांची पेटी काढली.

"ही कशाला आणलीस दादा?" लेकीने विचारलं.

"त्यांची आहे म्हणून," तो म्हणाला. "उशाला राहील असं वाटलं." मग जरा थांबून, "आपण राहिलेला सौदा पुरा करू या का? त्यांना साधं विचारलं तर हो म्हणतात. पण काकांशी आपण साधं कधी बोललोय? आपलं सगळं बोलणं त्या गाड्यातच झालंय."

"पोरखेळ," आत्या म्हणाली. "माणूस मरणाच्या दारात पडलाय आणि तुम्हाला खेचरं सुचतायत."

"बघू तर दे," लेक म्हणाली.

पलंगावर सरकवायचं टेबल पुढे ओढलं. बेकरीवालीने उशा लावून काटेवाल्यांना बसतं केलं, तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली. लेकीने एकेक वजन मांडलं. काटेवाले त्यांच्याकडे बघत होते, पण ते भिंतीकडेही तसेच बघायचे.

"आजी," बेकरीवाली म्हणाली. मांत्रिकिणीला सगळे आजी म्हणायचे. "आपलं चाकांचं ठरलं होतं. साठ ना?"

"हो."

"की चाळीस?"

"हो."

"दहा देते."

"हो."

लेकीने मान फिरवली. बेकरीवालीने नेटाने तरंगण्याचं विचारलं, खोल्यांचं विचारलं. सगळ्याला हो. मांजराला खोली नाही दिली तरी हो. शेजारच्या पलंगावरचा माणूस कुशीवर वळून हे बघू लागला.  आत्याचा चेहराच 'पोरखेळ' म्हणत होता.

"बास झालं," लेक म्हणाली.

"माझं राहिलंय," लिफ्टवाला म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो पलंगाच्या डाव्या बाजूला येऊन खाली बसला, काटेवाल्यांच्या अगदी समोर. "आजी, तो ओझ्याचा मंत्र. गाड्यात काही भरा, खेचरांना रिकामा. त्याचे चाळीस. हे घ्या." त्याने काही बारीक वजनं पुढे सरकवली. "आणि ते वजन जाईल कुठे, हे विचारायचं नाही. गेलं म्हणजे गेलं."

मागच्या वर्षी खेळात एका होडीचं ओझं मंत्राने उतरवायचं होतं, तेव्हा याच गोष्टीवरून रण माजलं होतं. काटेवाल्यांचं म्हणणं, वजन काही नाहीसं होत नसतं, होडीचं उतरवलं तर दुसऱ्या कुणाला तरी ते वाहावं लागेल. लिफ्टवाल्याने पुष्कळ डोकं लावलं, पण शेवटी गोष्टीतला त्याचा माणूस पाठीवर धोंडा घेऊन खाडी संपेपर्यंत काठाने चालला होता. त्यामुळे हा सौदा लबाडीचा आहे हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ठाऊक होतं. काटेवाल्यांना ठाऊक आहे का, एवढाच प्रश्न होता.

"चालेल का, आजी?"

"हो," काटेवाले म्हणाले.

लिफ्टवाल्याने डोळे मिटले.

आणि मग डावा हात हलला. काटेवाल्यांनी तळव्याच्या कडेने ती वजनं गोळा केली आणि सावकाश, एकही खाली पडू न देता, लिफ्टवाल्याकडे परत ढकलली. "हो," ते म्हणाले. "हो, हो." भुवया मात्र आकसल्या होत्या.

 तो हात पुन्हा पेटीकडे गेला. त्यातलं सगळ्यात मोठं वजन बोटांत नीट बसेना. दोनदा निसटलं. लेक मदतीला पुढे झाली तर त्यांनी तिचा हात कोपराने बाजूला सारला. तिसऱ्यांदा ते उचललं, हवेतून नेलं आणि लिफ्टवाल्याच्या शर्टाच्या खिशात सोडलं. खिसा खाली लोंबला.

"माझ्यावर," लिफ्टवाला म्हणाला. "वजन माझ्यावर. बरोबर आहे आजी. मंजूर." तो हसतही होता आणि बाहीने डोळेही पुसत होता.

लेक मात्र हसली नाही.  तोंड हो म्हणत होतं आणि हात नाही म्हणत होता. म्हणजे इतके दिवस ती चुकीच्या ठिकाणी उत्तर शोधत होती. पाणी हवंय का विचारताना तिने एकदाही हाताकडे पाहिलं नव्हतं.

"सवय आहे ती," आत्या मागून म्हणाली. पण आवाज मघासारखा ठाम नव्हता. "जुनं आठवलं असेल हाताला. हे सगळं आधी झालेलंच ना तुमचं?"

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. लेकीलाही तीच भीती होती.

"मग तू माग," ती म्हणाली. "तू कधी खेळली नाहीस. तुला काय हवंय गाड्यात, ते त्यांनाही माहीत नाही."

"मी? मला काय हवं असणार गाड्यात?"

"काहीही."

आत्या पदर सावरून खुर्चीवर बसली. एवढ्या लोकांदेखत असलं काही बोलायची तिला लाज वाटत होती. "छोट्या," ती भावाला म्हणाली. सत्तरीच्या माणसाला छोट्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. "मला त्या गाड्यात बसवणार असाल तर असा मंत्र घाल की कितीही खड्डे आले तरी माझी कंबर दुखणार नाही. किती घेशील?"

काटेवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताने टेबलावरची सगळी वजनं, एकूणएक, आपल्याकडे ओढली.

"सगळी?" आत्या म्हणाली. "सख्ख्या बहिणीकडून? एका कमरेचे?"

"हो."

"चोर आहेस तू. अर्धे घे."

त्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. मग सगळ्यात चिमुकलं वजन, नखाएवढं, बोटाच्या टोकाने तिच्याकडे परत सरकवलं. आणि तोंडाची डावी, शाबूत बाजू जराशी वर गेली.

आत्या बघतच राहिली. लहानपणी पेरूच्या फोडी वाटताना तो असाच करायचा. एक चतकोर परत द्यायचा, वर उपकार केल्यासारखं तोंड करायचा. ती उठली, त्यांचा घसरलेला सदरा खांद्यावर नीट केला आणि लेकीला म्हणाली, "आहे तो आत. जसाच्या तसा आहे. बोलव तुझ्या डॉक्टरीणबाईंना."

सर्जनबाई राउंडला आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः खात्री करून घेतली. टेबलावर एक पेला आणि एक चष्म्याचं घर ठेवलं, दोन्ही काटेवाल्यांच्या डाव्या बाजूला, कारण उजवीकडचं त्यांना नीट दिसत नव्हतं. उत्तर तोंडाने नको, वजन उचलून त्यावर ठेवायचं. आज पाऊस आहे का? ही तुमची मुलगी का? मी बेकरी चालवते का? हो म्हणजे चष्म्याचं घर, नाही म्हणजे पेला. एकदा ते चुकले, स्वतःच मान हलवून वजन उचललं आणि बरोबर जागी ठेवलं.

"ठीक आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "आता तुम्हीच समजावा त्यांना. मी आहे इथे."

लेकीने पेटीतून वीस बाजूंचा फासा काढला.  

"बाबा, हे गाड्याचं नाही. हे खरं आहे." तिने फासा त्यांच्यासमोर धरला. "मानेतली रक्तवाहिनी तुंबत आलीय. उद्या ऑपरेशन केलं, तर असं समजा, हा फासा टाकलाय आणि एक आला तर वाईट. पुन्हा झटका, कदाचित मरण. बाकी एकोणीस बाजू चांगल्या. नाही केलं, तर पुढच्या दोन वर्षांत एक, दोन, तीन, चार, पाच, यातलं काहीही आलं तरी वाईट. मला वाटतं करावं. आत्याला वाटत होतं करू नये. आता तुम्ही सांगायचं."

काटेवाल्यांनी फासा घेतला. तो टाकला नाही. बोटांत फिरवून त्याच्या बाजू बघितल्या. मग त्यांनी सर्जनबाईंकडे पाहिलं आणि हात स्वतःच्या तोंडापाशी नेला. ओठांवर बोटं ठेवली, बाहेर काढल्यासारखी केली आणि वाट बघू लागले.

 हे लेकीने सांगितलंच नव्हतं.

"बोलणं?" सर्जनबाई म्हणाल्या. त्या खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या. "नाही, काका. या ऑपरेशनने बोलणं परत येणार नाही. आहे ते आणखी जाऊ नये, एवढ्यासाठी हे आहे. बोलण्याची मेहनत वेगळी करावी लागेल, पुष्कळ महिने. आणि तरी किती येईल, ते मी आज सांगू शकत नाही."

काटेवाल्यांनी फासा टेबलावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

वॉर्डमधल्या बाकीच्या पलंगांशी लोकांची ये-जा चालू होती, कुणीतरी डबा उघडत होतं. या पलंगाशी कुणीच हलत नव्हतं. लेकीला सगळं दिसत होतं. इतके दिवस ते समजून-उमजून या एका शब्दात कोंडले होते, आणि ऑपरेशनने दार उघडेल अशी आशा धरून बसले असणार. आता ती गेली. मग दोन वर्षं काय आणि दहा काय, असं त्यांनी ठरवलं तर? ते नको म्हणाले तर त्यांच्या वतीने आपण सही करू, असं तिच्या मनात येऊन गेलं. ती पुढे झाली. आत्याने तिचं मनगट धरलं.

"त्याला हिशोब करू दे," आत्या हळूच म्हणाली.

बऱ्याच वेळाने काटेवाल्यांनी मान वळवली. त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी लिफ्टवाल्याकडे हात पुढे केला. त्याला क्षणभर कळलं नाही, मग त्याने खिशातलं ते मोठं वजन काढून दिलं. सगळ्यांचं लक्ष पेल्याकडे आणि चष्म्याच्या घराकडे होतं. पण काटेवाल्यांनी ते दोन्हींवर ठेवलं नाही. त्यांनी ते लेकीच्या तळहातावर ठेवलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

ती समजली. "बिघडलं तर ते मला वाहावं लागेल. मी करा म्हटलं, म्हणून. तेच विचारताय ना?"

"हो," ते म्हणाले. हात तिच्या हाताखाली स्थिर होता.

"वाहीन मी. आणि एकटी नाही. आत्या आहे."

"माझी कंबर दुखते," आत्या म्हणाली. "पण बघू काय ते."

काटेवाल्यांनी वजन परत घेतलं. चष्म्याच्या घरावर ठेवलं.

सर्जनबाईंनी दोन्ही वस्तूंच्या जागा बदलल्या आणि पुन्हा विचारलं. वजन पुन्हा चष्म्याच्या घरावर. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा काटेवाल्यांनी वजन ठेवलं आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एखाद्या दुकानदाराने तोच काटा तिसऱ्यांदा तपासायला लावला असावा.

"पुरे," सर्जनबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

संमतीपत्रावर त्यांनी डाव्या हाताने सही केली. कोंबडीने माती उकरावी तशी ती उमटली, पण त्यांचीच होती. लेकीने खाली साक्षीदार म्हणून केली.

सकाळी त्यांना आत नेलं. बाहेरच्या खोलीत आत्या, लेक, बेकरीवाली बसून होत्या. लिफ्टवाला बसत नव्हता, तो दवाखान्याच्या लिफ्टसमोर उभा राहून तिचा आवाज ऐकत होता. दार नीट बंद होत नाही, रोलर झिजलाय, असं तो दोनदा येऊन सांगून गेला. सांगितलेली वेळ उलटली. आणखी बरीच उलटली. आत्याने देवाचं नाव घ्यायचं थांबवून नुसतं दाराकडे बघायला सुरुवात केली. लेक मनात त्या फाशाची एकच बाजू बघत होती. करावं असं मी म्हटलं, हे वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं, आणि ते खरोखर जड होतं. तिला वाटलं होतं त्याहून कितीतरी जड.

सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा डोक्यावर टोपी तशीच होती.

"मधे रक्तदाब खाली आला होता, म्हणून वेळ लागला. आता ठीक आहेत. शुद्धीवर आले. हात दाबा म्हटलं, दाबला. गेलेलं काही नाही."

लेक खाली बसली. आपण उभ्या होतो, हे तिला तेव्हा कळलं.

ते घरी आले त्याला आता बरेच महिने झाले. दुकान बंद आहे. रोज सकाळी एक बाई त्यांना शब्द शिकवायला येते. काही शब्द आले आहेत, त्यातले निम्मे चुकीच्या वेळी येतात. 'चहा' म्हणायचं असलं की 'चाक' म्हणतात आणि स्वतःवर चिडतात. चिडले की दिवसभर कुणाशी बोलत नाहीत, लेकीशीसुद्धा. मग ती डेपोतून आल्यावर दाराबाहेर थोडा वेळ उभी राहते आणि मगच आत जाते. हे सोपं नाही आणि ती तसं कुणाला सांगतही नाही.

शनिवारी मात्र बैठक असते. तासाभरात ते थकतात, त्यामुळे छोटी असते. म्हातारीचा आवाज आता बेकरीवाली काढते, भाव काटेवाले मांडतात, आणि दोघांचं जुळलं नाही की म्हातारी आपल्याच मंत्रावर स्वतःशीच भांडते. आत्याही येऊन बसते. ती गोष्टीतली कोण आहे, हे अजून ठरलेलं नाही, कारण प्रत्येक वेळी ती म्हणते की मी नुसती बसायला आलेय. पण मागच्या शनिवारी गाडा नदीपाशी आला, पुलावरून जायचं की उथळ पाण्यातून, यावर लिफ्टवाला आणि लेक वाद घालत बसले, तेव्हा आत्याने हात लांबवून लगाम मागितला.

"द्या इकडे," ती म्हणाली. "तुमच्याने व्हायचं नाही."

काटेवाल्यांनी तिच्यासमोर लगामाचा पंचवीसचा भाव मांडला, आणि ती घासाघीस करायला सरसावून बसली.